पहिल्यांदाच घट बसवताना: मातीपासून दसऱ्यापर्यंत

नवरात्रात माहेरी किंवा सासरी घट दर वर्षी बघितलाय, माळा ओवल्यात, आरतीला टाळ्या वाजवल्यात, पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या जबाबदारीवर कधी बसवलेला नाही, अशांसाठी हे लिहितेय. नवीन लग्न झालंय, नोकरीपायी गाव सुटलंय, भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्यात, नाहीतर सासूबाई थकल्या आणि म्हणाल्या, ‘यंदापासून देव तुझ्याकडे.’ कारण काहीही असो, पहिल्या वर्षी धास्ती वाटतेच. काही चुकलं तर?

घटात मुळात चारच गोष्टी आहेत: माती, पाणी, धान्य आणि दिवा. या चार सांभाळा. बहुतेक नवख्या घरांत उलटं होतं. मखर, पडदा, दिव्यांच्या माळा यांत अमावास्येची रात्र जाते आणि चौथ्या माळेला, म्हणजे चौथ्या दिवशी, मातीला वास यायला लागतो. सजावट दुसऱ्या वर्षी करता येईल.

सगळ्यात आधी फोन

दुकानात जायच्या आधी घरातल्या थोरल्या बाईला फोन करा. सासूबाई, आजेसासूबाई, थोरल्या जाऊबाई, आत्याबाई, ज्या कुणी घट बसवत आल्या असतील त्या. नवरात्र सगळ्या महाराष्ट्रात असलं तरी घट ज्याच्या त्याच्या कुळाचा असतो. शेजारणीचं बघून किंवा व्हिडिओ बघून बसवलात तर तो शेजारणीचा घट होईल.

विचारायचं ते असं. आपली कुलदेवी कोणती? तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, वणीची सप्तशृंगी ही साडेतीन पीठं झाली, पण अंबाजोगाईची योगेश्वरी, गोव्याची शांतादुर्गा, गावची यमाई, एकवीरा अशी कितीतरी असतात. घट मातीचा की तांब्याचा कलश? खाली धान्य पेरतात की नुसत्या तांदळावर कलश ठेवतात? देव्हाऱ्यातले टाक (देव कोरलेले धातूचे छोटे पत्रे) घटाजवळ विड्याच्या पानावर बसवतात का? पहिली माळ कशाची? उपवास कोण धरतं, आणि कसा? होम असतो का, अष्टमीचा की नवमीचा? घट नवमीला उठतो की दसऱ्याला? नैवेद्य काय? कुठे पुरणावरणाचा असतो, कुठे देवीला तिखटा म्हणजे मांसाहारी नैवेद्य लागतो, माहूरच्या रेणुकेला तांबूल म्हणजे कुटलेला विडा हवा. यातलं कुठलंच चूक नाही. तुमच्या घरी काय चालतं तेवढंच महत्त्वाचं.

उत्तरं कागदावर लिहून घ्या. फोनवर हमखास ‘आपलं नेहमीचंच गं’ असं उत्तर मिळतं. तिथे थांबू नका. ‘पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय करायच्या ते क्रमानं सांगा,’ असं म्हणा. मग ‘आधी परातीत माती...’ करत सगळं आपोआप बाहेर येतं.

विचारायला कुणीच उरलं नसेल तर गावाकडच्या भाऊबंदांना विचारा, किंवा कुलदेवीच्या ठिकाणी तुमच्या घराण्याचे पिढीजात पुजारी असतील तर त्यांना. तेही नसेल तर साधा घट बसवा, पुढे दिलाय तसा.

एक प्रश्न हटकून येतो: थोरल्या घरी घट असताना धाकट्यानं वेगळा बसवायचा का? चूल एक असेल तर घट एकच, थोरल्याकडे. चूल आणि व्यवहार वेगळे झाले असतील तर बहुतेक घरांत वेगळा बसवतात. पण हे परस्पर ठरवू नका, थोरल्यांना विचारून करा. देवापेक्षा माणसंच लवकर रुसतात.

दिवस आणि वेळ

आश्विन शुद्ध प्रतिपदा, म्हणजे सर्वपित्री अमावास्येचा दुसरा दिवस. घट सकाळी बसवतात, फार तर दुपारपर्यंत. नेमकी वेळ पंचांगात किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकटीत दिलेली असते.

नऊ रात्री म्हणजे नऊच दिवस असं मात्र धरून चालू नका. तिथीचा क्षय झाला तर दिवस कमी होतो, वृद्धी झाली तर वाढतो. 2025 साली 22 सप्टेंबरला घट बसले आणि दसरा आला 2 ऑक्टोबरला, म्हणजे माळा दहा झाल्या. रजा टाकायच्या आधी अष्टमी, नवमी कोणत्या वारी येतात ते पाहून ठेवा.

पहिल्या दिवशी जमलंच नाही, घरात सुतक होतं किंवा तुम्ही परगावी होतात, तरी वर्ष वाया गेलं असं नाही. तृतीयेपासून सात दिवसांचं, पंचमीपासून पाच दिवसांचं, सप्तमीपासून तीन दिवसांचं नवरात्र करायची सोय धर्मशास्त्रानंच ठेवली आहे. अगदीच अडलं तर नुसत्या अष्टमीचं एक दिवसाचंही चालतं.

बाजार

मातीची घागर घेताना रंगीबेरंगी, चकचकीत बघून घेऊ नका. ऑइल पेंट दिलेली घागर दिसते छान, पण तिची छिद्रं बुजलेली असतात. साधी, बिनरंगाची, फार भाजून काळी न झालेली घागर घ्या. तिच्यातलं पाणी हळूहळू झिरपतं आणि भोवतीची माती ओली राहते. सगळी करामत त्या झिरपण्यात आहे. घरी आणली की पाणी भरून तासभर ठेवा. बाहेरून ओलसर दिसली तर उत्तम, थेंब गळायला लागले तर बदलून आणा.

माती शेतातली काळी. शहरात पिशवीत मिळते ती चालते, पण ढेकळं फार असतात. कोकणात आणि गोव्यात लाल माती वापरली तरी काही बिघडत नाही. कुंडीतली घ्यायची असेल तर रासायनिक खत घातलेली नको.

धान्य सात प्रकारचं म्हणतात, पण ती सात कोणती हे गावागणिक बदलतं: गहू, ज्वारी, मका, हरभरा, मूग, उडीद, जवस, करडई, तीळ, यांतली काहीही. जुनी माणसं सांगतात की रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर बियाण्याची परीक्षा घरातच व्हावी म्हणून ही रीत पडली. ते खरं असो-नसो, परीक्षा मात्र होतेच. दोन वर्षं डब्यात पडलेले गहू उगवत नाहीत. डाळी उगवत नाहीत, अख्खी कडधान्यंच हवीत. आणि कृषी सेवा केंद्रातलं गुलाबी किंवा हिरवा रंग लावलेलं बियाणं आणू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. दसऱ्याला तेच धान, म्हणजे उगवलेले कोंब, आपण कानावर खोवणार आणि पोरांच्या हातात देणार.

माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त गहू घ्या, त्याखालोखाल ज्वारी आणि मका. हे सरळ, ताठ वाढतात. हरभरा, उडीद, मूग नावापुरते, चिमूटभर. कडधान्य भिजलं की लवकर कुजतं, आणि घटाचा जो वास येतो तो बहुतेक वेळा यांचाच असतो.

बाकी सामान: वेताची किंवा बांबूची परडी, नाहीतर पळसाची पत्रावळ. शेंडीचा नारळ. विड्याची पानं, जरा जास्तच. सुपाऱ्या, हळकुंडं, खारीक, बदाम, एक नाणं. हळद-कुंकू, अक्षता, कापसाची वस्त्रं, धूप-कापूर. खण, जमल्यास. दिव्यासाठी तेल आणि वाती. बाजारात सगळं एका पुड्यात बांधून मिळतं तो पुडा घ्यायला हरकत नाही, पण त्यातलं धान्य बाजूला काढून घरचं वापरा.

आदल्या दिवशी

घर झाडून-पुसून घ्यायचं, टाक आणि समई चिंच-मिठानं घासून ठेवायची. माती चाळून खडे काढायचे. संध्याकाळी धान्य पाण्यात भिजत घालायचं आणि झोपताना उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं. भिजवल्याशिवायही पेरतात, पण भिजवलेलं एक दिवस आधी डोकावतं.

जागा अशी निवडा की नऊ दिवस हलवावी लागणार नाही. पंख्याच्या थेट खाली नको, दिवा टिकणार नाही. पडद्याजवळ नको. दिवसभर ऊन येणारी खिडकीही नको. माळ वरून टांगायची असते, म्हणून वर खुंटी, कडी किंवा निदान पडद्याचा दांडा असेल अशी जागा बघा. भाड्याच्या घरात खिळा ठोकता येत नसेल तर दोन बाजूंना दोन काठ्या उभ्या करून वर आडवी काठी बांधा, तीच मंडपी. एक वर्ष मी कपडे वाळत घालायचा स्टँड घटावर उभा केलेला पाहिलाय, वरून लाल ओढणी. काम चोख झालं होतं.

घट बसवणे

सकाळी अंघोळ करून जागेवर पाट मांडा, भोवती छोटी रांगोळी. पाटावर परात, परातीत परडी. परात सोडू नका, कारण झिरपलेलं पाणी जमिनीवर येतं आणि लाकडी पाट फुगतो. परडीत पत्रावळ किंवा केळीचं पान अंथरा म्हणजे माती खाली गळणार नाही.

आता माती. थोडं पाणी शिंपडून हातानं कालवा. मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली तर सुटावा, एवढीच ओल. चिखल झाला तर कोरडी माती मिसळा. दोन-तीन बोटं जाडीचा थर परडीत पसरा आणि मध्ये घागर बसेल असा खळगा करा. घागर ठेवून हलवून बघा. कलत असेल तर आत्ताच माती दाबून घ्या, पाणी भरल्यावर ती जड होते.

घागरीला बाहेरून हळद-कुंकवाची बोटं ओढा, गळ्याला पांढरा दोरा गुंडाळा. आत स्वच्छ पाणी भरा, काठापासून दोन बोटं खाली. त्यात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, नाणं, हळकुंड, एखादं फूल. तोंडावर विड्याची किंवा आंब्याची पाच पानं, देठं पाण्यात, टोकं बाहेर. वर नारळ, शेंडी वरच्या बाजूला. काही घरांत नारळाऐवजी तांदळानं भरलेली वाटी ठेवतात, तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा.

मग धान्य. घागरीच्या भोवती मातीवर सगळीकडे सारखं पसरा, ढीग नको. वरून अर्ध्या बोटाचा मातीचा पातळ थर आणि हातानं पाण्याचा हलका शिपका. बस. इथे हात आवरणं हेच अवघड जातं.

घटाच्या समोर किंवा बाजूला विड्याच्या पानांवर टाक मांडा. देव एकदा पानावर बसले की घट उठेपर्यंत हलवत नाहीत, रोजचं स्नानही घालत नाहीत, गंध-फूल वरूनच. मग संकल्प, गणपतीची पूजा, घटाची आणि देवीची पूजा, दिवा, पहिली माळ, नैवेद्य, आरती. मंत्र येत नसतील तर भटजींना बोलवा. ते मिळाले नाहीत, त्या दिवशी मिळत नाहीतच, तर हात जोडून साध्या मराठीत सांगा: अमक्या कुळातले आम्ही, अमक्या गावचे, यंदा तुझा घट बसवतोय, सांभाळून घे. कुळाचं आणि गावाचं नाव तेवढं घ्या.

दिवा

नऊ दिवस अखंड नंदादीप हा सगळ्यात जास्त ताण देणारा भाग. समई खोल पाळ्याची हवी, वात जाड. दोन-तीन साध्या वाती एकत्र वळून एक केली तरी चालते. वात तेलात बुडवून पिळून घ्या, मगच लावा. सकाळी, संध्याकाळी आणि झोपायच्या आधी तेल घाला. काजळी साचली की ज्योत मंद होते. त्या वेळी आधी शेजारी दुसरी निरांजन पेटवून घ्या, मग वात पुढे सरकवून काजळी चिमट्यानं काढा. म्हणजे हात चुकला तरी ज्योत घरात असतेच.

भोवती काचेची चिमणी किंवा उघड्या तोंडाचा उभा कंदील ठेवा. वारा अडतो, ओढणीचा पदर अडतो, मांजर अडतं.

दोघंही नोकरीला जाणारे आणि घर दिवसभर बंद, असं असेल तर? मी स्पष्ट सांगते: बंद घरात पेटता दिवा ठेवून जाऊ नका. शेजारी किंवा घरातलं कुणी बघणारं असेल तर ठीक. नसेल तर घरात आहात तोवर दिवा लावा, जाताना देवीला सांगून शांत करा, आल्यावर पुन्हा लावा. अखंड दिव्यासाठी सोसायटीत बंब बोलवावा लागणं कुठल्याच देवीला आवडणार नाही. आणि चालू दिवा मध्येच शांत झाला तर नमस्कार करून परत लावायचा, त्यात अपशकुन शोधत बसायचं नाही. वात संपली होती किंवा तेल कमी पडलं होतं, एवढंच असतं.

रोजच्या माळा

नवरात्रात दिवस तारखेनं मोजत नाहीत, ‘आज कितवी माळ?’ असं विचारतात. रोज एक माळ वरच्या काठीला बांधून घटावर सोडायची. कालची काढायची नाही. त्यामुळे माळ फार जाड करू नका. पाचव्या-सहाव्या माळेपर्यंत ओझं वाढतं आणि झेंडूचे जाड हार खाली कोवळ्या धानावर टेकले की ते कुजतं.

पहिली माळ बऱ्याच घरांत विड्याच्या पानांची. पुढच्या झेंडू, शेवंती, गोकर्ण अशा मिळतील त्या. गावाकडे या दिवसांत तिळाची पांढरी, कारळ्याची पिवळी फुलं शेतात असतात, माळरानावर तरवड फुललेला असतो. सोलापूर, नगर, बीडकडे तरवडाच्या माळेशिवाय घट पुरा वाटत नाही. शहरात फुलांचे भाव आभाळाला भिडतात, तेव्हा पाच फुलं आणि मध्ये विड्याची पानं ओवलेली माळसुद्धा माळच आहे.

पाणी. मातीचा घट झिरपत असेल तर पहिले तीन दिवस वरून पाणी जवळजवळ लागतच नाही. मातीला बोट लावून बघा, थंड आणि ओलसर लागली तर काही करू नका. कोरडी वाटली तर बोटांनी शिंपडा, तांब्यानं ओतू नका. घागरीतलं पाणी कमी झालं की नारळ न हलवता पानांच्या फटीतून पळीनं घाला. तांब्याचा कलश असेल तर तो झिरपत नाही, तिथे रोज शिपका हवाच.

दुसऱ्या-तिसऱ्या माळेला मातीला भेगा पडतात आणि पांढरी टोकं दिसतात. पाचव्या माळेपर्यंत बोटभर, नवव्यापर्यंत वीतभर. कोपऱ्यातल्या अंधारात धान पिवळं धमक येतं, उजेडात हिरवं. पिवळं लांब धान घरात कौतुकाचं असतं. पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर तेवढा भाग चमच्यानं उचलून टाका, चिमूटभर हळद भुरभुरा आणि एक दिवस पाणी बंद. धान कमी आलं तर वर्ष वाईट जाईल असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. बियाणं जुनं होतं.

मुंग्या येतात, कारण खडीसाखर आणि फळं तिथेच असतात. नैवेद्य दाखवून झाला की उचला. तळमजल्यावर राहत असाल तर उंदरांकडेही लक्ष ठेवा, कोवळा गहू त्यांना फार आवडतो.

उपवास

नऊ दिवस धरायचा तर एकटीनं सगळं अंगावर घेऊ नका. घरात एकानं धरला तरी पुरतो. न झेपणाऱ्यांसाठी ‘उठता-बसता’ उपवास आहे, पहिल्या माळेला एक आणि अष्टमीला एक. काही जण उपवासाऐवजी नऊ दिवस अनवाणी चालतात, कुणी गादीवर झोपत नाहीत. मधुमेह, गरोदरपण, रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

भगरीबद्दल दोन शब्द जास्त. नवरात्रात महाराष्ट्रात कुठून ना कुठून भगरीच्या पिठानं विषबाधा झाल्याच्या बातम्या येतातच. भगरीवर दमट हवेत बुरशी धरते आणि तिचं विष शिजवून जात नाही. सुटी भगर किंवा सुटं पीठ घेऊ नका. बंद पाकीट, तारीख बघून. निवडा, धुवा, आणि पीठ लागणार असेल तर लागेल तेवढंच घरी दळा. साबुदाणाही रोज दोन वेळा खाल्ला तर पित्त होणारच. राजगिरा, शिंगाडा, रताळी, ताक, फळं असं फिरतं ठेवा.

मधले दिवस

पंचमी म्हणजे ललिता पंचमी. कोल्हापुरात त्या दिवशी अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्या भेटीला जाते आणि तिथे कोहळा फोडतात. घरी मात्र वेगळं काही केलं पाहिजे असं नाही.

पश्चिम महाराष्ट्रात आणि सोलापूर-मराठवाड्याकडे घटावर फुलोरा बांधतात, त्यासाठी कडाकण्या, म्हणजे गोड कडक पुऱ्या, लागतात. दोन वाट्या मैदा, पाव वाटी बारीक रवा, चिमूट मीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाऊण वाटी गूळ किंवा साखर थोड्या कोमट पाण्यात विरघळवून त्यात पीठ घट्ट मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. पुरीपेक्षा पातळ लाटायच्या आणि लाटल्यावर लगेच कडेला बोटाच्या पेराएवढी जागा सोडून भोक पाडायचं. तळल्यावर भोक पाडायला गेलात तर कडाकणी तुटते. मध्यम आचेवर बदामी तळा. कढईतून काढताना मऊ वाटतात, गार झाल्या की कडक होतात, त्यामुळे जास्त लाल करू नका. त्याच पिठाची वेणी, फणी, करंडा असे देवीचे साजही करतात. हे पोरांच्या हाती द्या, आकार कसाही आला तरी चालतो. दोऱ्यात ओवून मंडपीला टांगायच्या, हाच फुलोरा. तो कधी बांधायचा, पंचमीला की अष्टमीला, ते घराघरात वेगळं.

अष्टमी सगळ्यात गजबजलेली. कोकणस्थांकडे तांदळाच्या उकडीचा महालक्ष्मीचा मुखवटा करून संध्याकाळी घागरी तोंडाशी धरून फुंकतात, नव्या सुना लग्नानंतर पाच वर्षं पूजा करतात. कुणाकडे होम असतो. फ्लॅटमध्ये होम करायचा तर खिडक्या उघड्या, हॉलमधला पंखा बंद, आणि हवन लहान कुंडात. कुमारिका जेवू घालायच्या तर दोन ते दहा वर्षांच्या मुली बोलावतात. त्यांना पुरणपोळीपेक्षा खीर-पुरी आणि घरी न्यायला खाऊ जास्त आवडतो. सवाष्ण जेवायला बोलवायची तर आधी आठवडाभर सांगा, या दिवसांत प्रत्येक सवाष्णीला चार घरची आमंत्रणं असतात.

जोगवा मागायला आराधी, म्हणजे देवीचे भक्त, दारात आले तर मूठभर पीठ-तांदूळ, तेल त्यांच्या परडीत घालतात, म्हणून वाडगाभर पीठ दाराजवळ ठेवा. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. आपल्याकडे शस्त्रं म्हणजे विळी, सुरी, स्क्रू ड्रायव्हर, शिलाई मशीन आणि लॅपटॉप.

नऊ दिवसांचे नऊ रंग? ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली, वर्तमानपत्रानं रूढ केलेली हौस आहे. हौस म्हणून जरूर नेसा, घटाच्या पूजेशी तिचा संबंध नाही.

अडलं तर

मासिक पाळी आली तर बऱ्याच घरांत ती बाई घटाला हात लावत नाही, दुसरं कुणीतरी माळ घालतं. बऱ्याच घरांत आता हे पाळत नाहीत. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सुचवेन की पहिल्या माळेपासून नवऱ्यालाही सगळं शिकवून ठेवा. पाणी किती शिंपडायचं, वात कशी सरकवायची. प्रवास, आजारपण, ऑफिसमधली रात्रपाळी, कशालाही उपयोगी पडतं.

घट बसल्यावर सुतक आलं तर गुरुजींना फोन करा. सहसा सुतक नसलेल्या दुसऱ्या कुणाकडून पूजा पुरी करून घेतात.

परदेशात असाल तर बागकामाच्या दुकानात मातीच्या कुंड्या मिळतात, पण त्यांच्या बुडाला भोक असतं. ते ओल्या कणकेनं किंवा मेणानं बुजवा. माती खत न मिसळलेली घ्या. गहू अख्खा, सालासकट हवा. थंडीच्या देशात ऑक्टोबरमध्ये धान हळू येतं, परडी हीटरच्या शेजारी, पण अगदी चिकटून नको. धुराचा अलार्म असलेल्या घरात धूप-होम विसरा, तुपाची निरांजन लावा. रात्री विजेचा दिवा ठेवला तरी कुणी हसणार नाही.

घट उठवणे

नवमीला किंवा दसऱ्याला, तुमच्या कागदावर असेल त्याप्रमाणे. पूजा, नैवेद्य, आरती झाली की घटावर अक्षता टाकून नमस्कार करायचा आणि घागर जागेवरच थोडीशी हलवायची. घट उठला. उपवासाचं पारणं यानंतर.

धान मुळासकट अलगद उपटा, माती झटका. पहिली जुडी देवाला. मग घरातल्या सगळ्यांना: बायकांनी वेणीत, पुरुषांनी टोपीत किंवा कानावर. थोडं तिजोरीत, थोडं पुस्तकांवर, गाडीच्या हँडलला. आपट्याच्या पानांबरोबर हे धानही देतात. गावाकडे थोरल्यांच्या टोपीत ते खोवून मग पाया पडतात.

घागरीतलं पाणी आंब्याच्या पानानं घरभर शिंपडा, उरलेलं झाडांना. नाणं धुऊन पैशांच्या डब्यात. नारळ फोडून प्रसाद. नऊ दिवसांत तो कधी कधी आतून नासतो, तसं झालं तर मनाला लावून न घेता झाडाच्या बुडाशी पुरा. कडाकण्या टांगलेल्या असल्या तरी खुसखुशीत राहतात, पोरं वाट बघत असतातच. फक्त फुलांना लागून ओलसर झालेल्या खाऊ नका.

माती कुंडीत किंवा तुळशीत. सुकलेल्या माळांमधला दोरा कापून काढा आणि फुलं कंपोस्टमध्ये किंवा पालिकेच्या निर्माल्य कलशात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नदीत सोडू नका. टाक धुऊन पुसून देव्हाऱ्यात परत. तुळजापूरची देवी दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत निद्रा घेते, त्यामुळे भवानीच्या काही घरांत तेवढे दिवस मोठी पूजा करत नाहीत. तुमच्याकडे तसं आहे का, हेही त्या पहिल्या फोनवरच विचारून घ्या.